विटेच्या भिंतीला कार्बन फायबरची शीट: कुणी करून घेतलंय का?

कृष्णाकाठची
१२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कराडजवळ आमचं सासरचं घर आहे, १९६४ सालचं. नऊ इंची विटेच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब, खाली चार खोल्या आणि माडीवर दोन. कॉलम-बीम काही नाही, सगळा भार भिंतींवर. १९६७ चा कोयनेचा भूकंप या घराने पाहिलाय. सासूबाई अजून सांगतात, त्या डिसेंबरच्या पहाटे सगळे गोधड्या पांघरून अंगणात बसले होते आणि नंतर आठ दिवस आत झोपायची कुणाची छाती झाली नव्हती. तेव्हाचे तडे बुजवून वरून प्लास्टर केलं, विषय संपला.

आता दोन वर्षांपासून मागच्या कोपऱ्यात नवा तडा दिसतोय. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्या-पायऱ्यांनी स्लॅबकडे चढत गेलाय. वरच्या टोकाला रुपयाचं नाणं उभं आत जातं, खाली मात्र केसाएवढा. शिवाय पुढच्या खोलीत दार आणि खिडकी यांच्यामध्ये दोन फुटांचा जो भिंतीचा खांब उरतो, त्यावर फुलीसारखे बारीक तडे आहेत.

एक कंत्राटदार येऊन बघून गेले. म्हणाले, "ताई, कार्बन रॅप करू, भिंत लोखंडाची होईल." चारही बाजूंच्या भिंती आतून-बाहेरून गुंडाळायच्या, ३ लाख ८० हजार. यजमान म्हणतायत करून टाकू. माझा साधा प्रश्न: भिंतीवर कापड चिकटवून भिंत मजबूत कशी होते? कुणी करून घेतलंय का?


पोस्टमन_काका
१२ फेब्रुवारी, रात्री ११:१५

वाचतोय. आमच्याकडेही हाच सल्ला मिळालाय, फक्त आकडा मोठा आहे.


ओळंबा
१३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ताई, तीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम केलंय, आता निवृत्त आहे. घर बघितल्याशिवाय कुणी औषध सांगत असेल तर त्याच्यापासून जपा, माझ्यापासूनही.

तरी तुमच्या वर्णनात एक गोष्ट लख्ख आहे. तडा वर रुंद आणि खाली बारीक, तोही शेवटच्या कोपऱ्यात. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: कोपरा खाली बसतोय आणि बसताना बाहेर कलतोय. पाया जागच्या जागी राहून स्लॅब उन्हाने ताणला असता तर स्लॅबच्या खाली आडवा तडा आला असता. दार-खिडकीच्या मधली फुली हे वेगळंच प्रकरण. तिथे भिंत आडवी हलली आणि दोन्ही कर्णांवर ताण आला. ती फुली कदाचित १९६७ चीच असेल, प्लास्टरमधून पुन्हा वर आलेली. म्हणजे एका घरात दोन आजार आहेत आणि तुम्हाला दोन्हींवर एकच मलम विकलं जातंय.

प्रश्न विचारतो. कोपऱ्याजवळ मोरी, संडासाचा पाइप, पागोळीचं पाणी, झाड, यातलं काय आहे? जमीन काळी आहे का? तडा उन्हाळ्यात वाढतो की पावसाळ्यात?

आणि आजच एक काम करा. प्लास्टर खरवडून तड्यावर आडवी काचेची पट्टी लावा, दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यात पक्की, मधला भाग मोकळा. त्यावर तारीख लिहा. तडा जिवंत असेल तर काच फुटेल. चाळीस रुपयांत याहून खरं बोलणारं यंत्र मला अजून मिळालेलं नाही.


थापी_रंधा
१३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मी हीच कामं करतो (कराडला नाही, त्यामुळे ग्राहक पळवायचा हेतू नाही). ओळंबा काका म्हणतात ते बरोबर, पण शीटला (म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या कापडाला) उगाच बदनाम करू नका. काम कसं होतं ते सांगतो.

आधी प्लास्टर पूर्ण उतरवायचं, थेट विटेपर्यंत. प्लास्टरवर चिकटवणारा दिसला तर चहा पाजून घरी पाठवा. मग विटेची तोंडं ग्राइंडरने घासायची, सांधे खरवडून पातळीत भरायचे, धूळ ब्लोअरने काढायची. जिथे शीट वळणार तो कोपरा पाऊण-एक इंचाच्या गोलाईत घासायचा, नाहीतर काटकोनात धागे तुटतात. नंतर इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद) प्रायमर, खड्ड्यांना पुट्टी, त्यावर सॅच्युरंटचा (शीट भिजवणाऱ्या इपॉक्सीचा) हात, मग शीट ताणून बसवायची. खाचांचा लोखंडी रोलर धाग्यांच्या दिशेनेच फिरवायचा, आतली हवा बाहेर येईपर्यंत. वर पुन्हा सॅच्युरंट, आणि ते ओलं असतानाच जाडी वाळू फेकायची म्हणजे नंतरचं प्लास्टर धरतं.

सॅच्युरंटचे दोन भाग वजन करून मिसळायचे, अंदाजपंचे नाही. एप्रिलच्या दुपारी कालवलेली बादली विसरलात तर ती हातात धरवत नाही इतकी तापते आणि बघता बघता दगड होते. आम्ही उन्हाळ्यात सकाळी दहापर्यंतच शीट लावतो.


नऊइंची
१३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

"कापडाने भिंत कशी मजबूत होते" हा प्रश्न भारी आहे, त्याचं उत्तर राहून गेलं. प्रयत्न करतो.

वीटकाम दाबाला दणकट, ओढीला कच्चं. भूकंपात भिंत आडवी हलते, एका कर्णावर दाब येतो, दुसऱ्यावर ओढ. ओढीच्या आडवा तडा जातो. तिथे ओढ सहन करणारं काहीतरी पृष्ठभागावर चिकटवलं की तडा उघडू पाहतो तेव्हा ते त्याला धरून ठेवतं. लाकडाच्या फुटक्या पेटीला पट्टी मारतो तसंच.

आता आकडे. ३०० ग्रॅमची कार्बन शीट म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम धागा. घनता १.८ धरली तर निव्वळ धाग्याची जाडी निघते ०.१६७ मिलीमीटर. एक इंच रुंदीची पट्टी घेतली तर छेद चार चौरस मिलीमीटरच्या थोडा वर. कार्बनची ताकद ३८०० मेगापास्कलच्या आसपास (१ मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण दहा किलो ओढ), नेहमीच्या सळईच्या सात-आठ पट. म्हणजे ही एक इंची पट्टी कागदावर दीड टन ओढ सहन करते!

पण ती दीड टन कधीच सहन करत नाही. त्याआधी ती विटेपासून सुटते. सुटते म्हणजे गोंद सुटतो असं नाही, विटेचं वरचं साल गोंदाला चिकटून निघून येतं. म्हणूनच अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची २०१० ची वीटकामासाठीची मार्गदर्शिका आडव्या हादऱ्याच्या हिशेबात धागा ताणून लांबीच्या ०.४ टक्क्यांहून जास्त वाढतो असं धरूच देत नाही. तेवढ्या ताणाला आपली पट्टी धरते साधारण चारशे किलो. दीड टनाचे पैसे मोजायचे आणि चारशे किलो घरी आणायचे. यापुढे तुमची वीट कशी आहे यावर सगळं.


कृष्णाकाठची
१४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

बापरे, इतकं सविस्तर! ओळंबा काका, उत्तरं अशी: जमीन काळी, नदीकाठची. कोपऱ्याला लागून २०१५ साली नवीन बाथरूम काढलं, त्याचा पाइप जमिनीखालून जातो. तडा उन्हाळ्यात वाढतो असं सासूबाई म्हणतात, पण गेल्या वर्षी पावसाळ्यातही वाढला होता. काच आज लावली. यजमान विचारत होते की फोरमवाल्यांनी आता काचाही लावायला सांगितल्या का.


चिरेबंदी
१४ फेब्रुवारी, दुपारी ४:००

आमच्या मामांचं रत्नागिरीजवळचं घर, जांभ्या चिऱ्याचं, मातीत बांधलेलं. समुद्राकडच्या भिंतीला ओल यायची, तडे होते. कुणीतरी सांगितलं म्हणून आतून पूर्ण भिंतीला ग्लास फायबरची शीट आणि इपॉक्सी. पहिलं वर्ष झकास. दुसऱ्या पावसाळ्यात जोत्यापासून दोन फुटांवर फुगवटा आला. मामांनी बोटाने दाबला तर आत फुस्स झालं. नंतर चक्क हाताने ओढली, तर पापडासारखी सुटली. मागे चिऱ्याची लाल भुकटी पाव इंच जाडीने शीटला घट्ट चिकटलेली. इपॉक्सीने आपलं काम चोख केलं होतं, चिऱ्याने साथ सोडली.

कारण आता कळतं. चिरा, चुना, माती यांच्या भिंतीतून ओल आतबाहेर करते. आपण एका बाजूने प्लास्टिकचा रेनकोट घातला. खालून चढलेलं पाणी तिथे अडकलं आणि लोणा शीटच्या मागे फुलला.


थापी_रंधा
१४ फेब्रुवारी, दुपारी ४:२५

हे होतं, मान्य. म्हणूनच पूर्ण भिंत गुंडाळायची नसते, पट्ट्या मारायच्या असतात, मधली भिंत श्वास घेते. आणि ओल्या भिंतीवर शीट लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही.


बोलोन्याकर
१५ फेब्रुवारी, रात्री १:१०

इटलीत शिकायला आहे, विषय हाच, म्हणून उशिरा का होईना लिहितो. बांधकामावर कार्बनच्या पट्ट्या चिकटवायचं काम युरोपात स्वित्झर्लंडमध्ये लवकर सुरू झालं. तिथल्या एम्पा या संशोधन संस्थेने १९९१ साली लुसर्नजवळच्या इबाख पुलाला कार्बनच्या पट्ट्या लावल्या होत्या, मग भिंतींवरचे प्रयोग आले. इटलीने ते उचललं, कारण इथे जुनं वीटकाम आणि भूकंप दोन्ही मुबलक.

इथल्या असिसी गावाचं उदाहरण सांगतो. २६ सप्टेंबर १९९७, मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमाराला भूकंप झाला. सकाळी संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) नुकसान बघायला माणसं आत गेली आणि पावणेबाराच्या सुमाराला दुसरा मोठा धक्का बसला. छताच्या कमानीचा भाग कोसळून चौघे गेले. दुरुस्तीचं काम जॉर्जो क्रोची या अभियंत्याकडे होतं. त्यांनी कमानींच्या वरच्या अंगाला, खालून दिसणार नाहीत अशा, लाकडी गाभ्याभोवती अरामिड नावाचे चिवट कृत्रिम धागे आणि इपॉक्सी अशा बरगड्या बसवल्या. १९९९ च्या नोव्हेंबरात चर्च पुन्हा उघडलं. फोटो बघून लोक "फायबरने चर्च वाचवलं" म्हणतात. पण कमानींच्या खांद्यांवर शतकानुशतकं राडारोडा साठला होता, धक्क्यात तो सरकला आणि कमान वाकडी झाली. क्रोचींनी तो आधी काढला. बरगड्या नंतर.

इथे आता जुन्या भिंतींवर इपॉक्सीपेक्षा जाळीचा कल जास्त आहे. क्षाराने न गळणाऱ्या काचेची किंवा बेसाल्टची जाळी, चुन्याच्या किंवा सिमेंटच्या सेंटीमीटरभर गिलाव्यात दाबायची. ओल जाते-येते, आगीत लवकर मऊ पडत नाही, आणि पुढच्या पिढीला नको वाटली तर काढताही येते.


नऊइंची
१५ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

आगीचा मुद्दा चांगला. साइटवर थंडच सुकवलेलं इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पश्चिमेची उघडी भिंत आणि गॅसच्या मागची भिंत, दोन्हीकडे जपून. उन्हातही ते उघडं ठेवायचं नाही, वर प्लास्टर किंवा रंग हवाच.


पोस्टमन_काका
१५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

आणि आपली साधी कोंबडीजाळी आणि सिमेंट? आमचा गवंडी तेच म्हणतो.


ओळंबा
१५ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

कोंबडीजाळी नको, पण गवंड्याची दिशा बरोबर आहे. आपल्याकडे आयएस १३९३५ हे भारतीय मानक आहे, वीटकामाच्या भूकंप-दुरुस्तीसाठीच. त्यात वेल्डेड जाळीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या भिंतीच्या दोन्ही अंगांनी, एकमेकींना आरपार बांधून, १:३ मॉर्टरमध्ये सांगितल्या आहेत. १९९३ च्या किल्लारीनंतर मी त्या भागात होतो. तिथे दगडमातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती होत्या, आतला थर आणि बाहेरचा थर यांना सांधणारा एक आडवा दगड नाही, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. थर फाकले, माळवद खाली आलं. त्या भिंतीच्या एका अंगावर जगातलं सगळ्यात महाग कापड लावलं असतं तरी मागचा थर तसाच पडला असता. तिथे उपयोगी पडली ती भोकं पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून केलेली आरपार बंधनं.

असो. म्हाताऱ्याला किल्लारी आठवली की थांबत नाही. ताई, काचेचं काय झालं ते कळवा.


कृष्णाकाठची
९ मार्च, संध्याकाळी ६:५०

काच फुटली! तेविसाव्या दिवशी, मधोमध, सरळ. सासूबाईंना वाटलं चेंडू लागला.

मग कोपऱ्याशी खणलं. चार फुटांवर बाथरूमचा पाइप सांध्यात निखळलेला, आजूबाजूची माती काळा लोण्याचा गोळा झालेली. दोन हात पलीकडे हीच माती भेगाळून कडक. दहा वर्षं आम्ही आमच्याच कोपऱ्याखाली पाणी सोडत होतो.

स्थानिक इंजिनिअर बोलावले (फी दिली, फोरमवर फुकट मिळतं तरी). त्यांनी पुढच्या खोलीतल्या खांबाचं प्लास्टर काढून ओढ-चाचणी केली. ती मी उभी राहून बघितली. पाच सेंटीमीटरची लोखंडी चकती इपॉक्सीने विटेवर चिकटवली, भोवती गोल काप घेतला, दुसऱ्या दिवशी यंत्राने ओढली. टक असा आवाज आला आणि चकतीबरोबर विटेचं लाल गोल बिस्किट निघून आलं. तीन ठिकाणचे आकडे ०.५, ०.६ आणि ०.२ मेगापास्कल. शेवटची चकती अर्धी सांध्यावर होती. ते म्हणाले, काँक्रीटवर शीट लावताना १.४ मेगापास्कल मागतात.


नऊइंची
९ मार्च, रात्री ८:१५

०.५ म्हणजे त्या चकतीला जेमतेम शंभर किलो ओढ. काँक्रीटला पावणेतीनशे किलोच्या आसपास लागली असती. तुमच्या विटेवर कार्बन म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. ग्लास फायबर घ्या. कार्बनचा कडकपणा वापरायला वीट शिल्लकच राहणार नाही.


थापी_रंधा
९ मार्च, रात्री ९:०५

सहमत. आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना दोरीचे अँकर घाला. धाग्याची दोरी इपॉक्सीत भिजवून भोकात खोल रोवायची, बाहेरचं टोक पंख्यासारखं पसरून पट्टीवर चिकटवायचं. साल सुटायला लागलं तरी अँकर धरून ठेवतो. एकाच अंगाला पट्टी मारू नका, दोन्ही अंगांना समोरासमोर.


कृष्णाकाठची
२ एप्रिल (पुढच्या वर्षीचा), रात्री १०:००

वर्षभराने हा धागा वर काढतेय. इंजिनिअरनी सांगितलं तो क्रम असा होता: पाइप जमिनीवरून फिरवला. घराभोवती तीन फूट फरशी, बाहेर उतार. मग काहीच नाही. एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा नुसती वाट. हे सगळ्यात अवघड गेलं, रोज येणारा-जाणारा विचारायचा "अजून केलं नाही?" दुसरी काच जूनमध्ये लावली. ती टिकली. तिसरी नोव्हेंबरमध्ये, तीही.

मग मार्चमध्ये काम. कोपऱ्यातल्या तड्याला शीट नाही. सांधे खरवडून त्यात स्टेनलेस स्टीलच्या पीळदार सळया आडव्या बसवल्या आणि तडा चुन्याच्या पातळ ग्राउटने भरला. शीट लागली फक्त पुढच्या खोलीतल्या दोन फुटी खांबाला: आतून दोन, बाहेरून दोन, ग्लास फायबरच्या उभ्या पट्ट्या, वर स्लॅबपाशी आणि खाली जोत्यापाशी अँकर. वर्षानुवर्षं तिथे काढलेल्या रांगोळीचे रंग जोत्याच्या सांध्यातून निघत होते, पोरं ब्रशने काढत बसली.

पट्टी लावल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्री नाण्याने टकटक करत खालपासून वरपर्यंत गेला. एका जागी आवाज पोकळ आला, तळहाताच्या निम्म्याएवढी जागा. तिथे सुईने इपॉक्सी भरलं. हा आवाज मी आता ओळखते, जिना चढता-उतरता सवयीने भिंत वाजवते.

सगळं मिळून खर्च पहिल्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी. त्यातही सगळ्यात मोठा आकडा फरशीचा.


पोस्टमन_काका
३ एप्रिल, सकाळी ७:३०

वा! आमच्याकडे खणायला सुरुवात केली. पाइप नाही सापडला, उंबराचं मूळ सापडलं.


ओळंबा
३ एप्रिल, सकाळी ८:१०

पोस्टमन काका, झाड एकदम तोडू नका. काळ्या जमिनीत मुळांनी पाणी ओढणं अचानक थांबलं की माती फुगते आणि मग घर उलट्या बाजूने उचललं जातं. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.


थापी_रंधा
३ एप्रिल, सकाळी ८:४०

ताई, एक राहिलं. त्या खांबावर प्लास्टर झालं की पट्ट्या दिसणार नाहीत. तिथे खिळा, ड्रिल, टीव्हीचा ब्रॅकेट, काही मारायचं नाही. धागा तुटला की तुटला.


कृष्णाकाठची
३ एप्रिल, दुपारी १२:०५

कालच सासूबाई हातोडी घेऊन तिथे उभ्या होत्या, साठ वर्षं कॅलेंडर त्याच जागी आहे म्हणून. आता ते दाराच्या चौकटीला लटकतंय, आणि दार उघडलं की एकादशी दिसत नाही.